आडात नाही ते पोहऱ्यात

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाजवळची जागा कोणी पटकवायची ह्यावरून घरातल्या मुलांत जे भांडण होते, त्याच्या मुळाशी एक मोठा निसर्गनियम असतो. विस्तवाजवळ ऊब जास्त. विस्तवापासून दूर सरकावे तसतशी ती कमी. हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी तो कातडीला कळलेला असतो. बंबापेक्षा न्हाणीच्या दाराशी अधिक ऊब आहे, असे जर कोणी सांगू लागला, तर उटण्याआधी त्याच्या डोक्यावर गार पाण्याचा तांब्याच ओतावा लागेल.

ह्याच अनुभवाला आपल्या भाषेने एका म्हणीत बांधून ठेवले आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? देणाऱ्यापाशी जे नाही, ते घेणाऱ्यापाशी कसे असेल? म्हण वरवर पाहता पाण्याविषयी आहे. पण पाण्यासाठी ती कोणी वापरीत नाही. ती वापरली जाते माणसांसाठी. मुलगा गणितात मागे पडला, की बापाकडे पाहून कोणीतरी ती हळूच उच्चारतो. अक्षरशत्रू घरातली मुलगी कॉलेजची वाट धरते, तेव्हा शेजारच्या ओटीवर ती पुन्हा ऐकू येते. म्हणजे ही नुसती म्हण नाही, हा एक निवाडा आहे. आणि आरोपीचे म्हणणे ऐकून न घेता तो दिलेला असतो. तेव्हा हा निवाडा खरा आहे काय, हे एकदा तपासून पाहावयास हरकत नसावी. त्यासाठी साक्षीला मी सूर्याला बोलावणार आहे; कारण ज्याच्या जिवावर आपली सारी ऊब चालते, त्याच्याच घरी ही म्हण मोडलेली दिसते.

सूर्याचे जे तेजस्वी पृष्ठ आपल्याला दिसते, त्याचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस आहे. तेथून वर चढू लागलो, तर पहिले काही शे किलोमीटर सारे शिरस्त्याप्रमाणे चालते. तापमान उतरत उतरत चार हजार अंशांच्या आसपास येते. आणि मग ते उलट चढू लागते. प्रथम हळूहळू, आणि पुढे दोनअडीच हजार किलोमीटरांच्या उंचीवर एखाद्या सरळ कड्यासारखे एकदम. त्या कड्याच्या माथ्यावर पोचावे, तो आकडा दहा लाख अंशांच्याही पलीकडे गेलेला असतो! सूर्याभोवतीच्या ह्या विरळ, अतितप्त आवरणाला किरीट म्हणतात. खग्रास ग्रहणात काळ्या बिंबाभोवती जी मोतिया रंगाची प्रभा फाकते, ती ह्या किरीटाची. चुलीवर कोमट पाण्याचे भांडे आणि त्याच्या वाफेत मात्र लोखंड वितळावे, अशातला हा प्रकार आहे.

हे कळायला फार वर्षे लागली. १८६९ साली अमेरिकेतून दिसलेल्या खग्रास ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस ह्या दोघांना किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आढळली. ती पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याची ठरेना, तेव्हा हे सूर्यावरचे एखादे नवे द्रव्य असावे असे मानून शास्त्रज्ञांनी त्याला ‘कोरोनियम’ असे नावही देऊन टाकले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली आपल्या महाराष्ट्रावरून गेली. त्या वेळी इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला तळ देऊन बसले होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे आपली यंत्रे मांडून होते. किरीटाची छायाचित्रे निघाली, वर्णपट घेतले गेले. पण त्या हिरव्या रेषेचे कोडे सुटले नाही.

ते सुटले सत्तर वर्षांनी. १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी, तापमान वाढले की अणूंतले इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटून जातात, ह्याचे गणित मांडले होते. १९३९ मध्ये जर्मनीच्या वाल्टर ग्रोट्रियन ह्यांनी एक धागा दाखवला. आणि पुढच्या तीनचार वर्षांत स्वीडनच्या बेंग्ट एडलेन ह्यांनी तो शेवटास नेला. ती हिरवी रेषा कोणा नव्या द्रव्याची नव्हतीच. ती होती लोखंडाची! आपल्या विळीतले, तव्यातले, खिळ्यातले जे लोखंड, तेच. मात्र त्याच्या प्रत्येक अणूतल्या सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी तेरा गळून पडलेले. लोखंडाची अशी दशा व्हावयास दहा लाख अंशांच्या वरची धग लागते. द्रव्य जुनेच, ओळखीचे. अवस्था तेवढी कधी न पाहिलेली.

येथे वाचक म्हणतील, म्हणजे आडात नव्हते ते पोहऱ्यात आले की! पण म्हणीला इतक्या लवकर खोटे पाडणे बरे नव्हे. आधी हिशेब पाहू.

दिवाळीत लहान मूल फुलबाजी धरते. तिच्या ठिणग्यांचे तापमान उकळत्या पाण्याच्या कितीतरी पट असते. त्या मुलाच्या हातावर पडतात, आणि मूल हसत राहते. बंबातले कढत पाणी शंभर अंशांच्या आतच असते. पण त्याचा तांब्या अंगावर सांडला तर कातडे सोलून निघते. कारण तापमान निराळे आणि उष्णता निराळी. एकेक कण किती वेगाने धावतो आहे हे तापमान सांगते. असे कण किती आहेत हे ते सांगत नाही. किरीट ही सूर्याची फुलबाजी आहे. तिथला वायू इतका विरळ, की आपण ज्याला निर्वात म्हणतो त्यात तो जमा व्हावा. २४ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे पार्कर यान सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरांवरून ह्या किरीटातूनच गेले, आणि सुखरूप बाहेर आले. त्याची ढाल तापली ती खालच्या साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठाच्या उन्हाने. भोवतीच्या दहा लाख अंशांच्या वायूने नव्हे.

आकड्यांत सांगायचे, तर सूर्यपृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ६ कोटी ३० लाख वॅट इतकी ऊर्जा बाहेर पडते. त्याच चौरस मीटरवरचा शांत किरीट तप्त ठेवायला पुरतात सुमारे ३०० वॅट. म्हणजे दोन लाखांत एक हिस्सा. जेथे डागांचा गोंधळ चालू असतो, तेथे हा खर्च दहा हजार वॅटांपर्यंत जातो. तरी तो सहा हजारांत एक भरतो. एवढे पाणी आडात आहेच, आणि भरपूर आहे. तेव्हा कोडे ‘किती’चे नाही. कोडे ‘कसे’चे आहे.

थंड वस्तूची उष्णता आपण होऊन अधिक तप्त वस्तूकडे जात नाही, हा उष्माशास्त्राचा पहिल्या प्रतीचा कायदा. त्याला सूर्यही अपवाद नाही. साडेपाच हजार अंशांचे पृष्ठ आपली उष्णता देऊन कोणाला दहा लाख अंशांवर नेऊ शकणार नाही; कितीही दिली तरी नाही. पण उष्णता देणे हा देण्याचा एकच प्रकार झाला. यज्ञात अग्नी सिद्ध करताना अरणी मंथतात. दोन्ही लाकडे थंड असतात, आणि ठिणगी पडते. थंडीत आपण तळहात एकमेकांवर चोळतो. कोणत्याच हातात नसलेली ऊब दोन्ही हातांना येते. तेथे उष्णता कोणी कोणाला दिलेली नसते. दिलेली असते ती हालचाल. उष्णता तिच्यापासून जागच्या जागी निपजते.

सूर्याचे पृष्ठ सारखे खदखदत असते. हजारएक किलोमीटर रुंदीचे बुडबुडे खालून येतात, आठदहा मिनिटे टिकतात, आणि विरून जातात. असे लाखो बुडबुडे एकाच वेळी पृष्ठभर चाललेले असतात. ह्या खदखदीतून लाटा उठतात. १९४६ ते १९४८ ह्या काळात लुडविग बिअरमान, मार्टिन श्वार्झशिल्ड प्रभृतींनी मांडले, की ह्या ध्वनीच्याच लाटा असाव्यात. वर हवा विरळ होत जाते, तशी लाट उग्र होते. पोतराजाचा आसूड आठवावा. हात हलतो तो बेताने. पण आसूड शेवटाकडे बारीक होत जातो, तोच हेलकावा कमी कमी वस्तुमानावर येऊन पडतो, आणि टोकाशी त्याचा वेग ध्वनीच्याही पुढे जाऊन कडाका उठतो. कल्पना सुंदर होती. पण १९७५ साली अवकाशात गेलेल्या एका सौर वेधशाळेने मोजणी केली तेव्हा दिसले, की ध्वनिलाटा खालच्या थरांतच बहुतेक सारे उधळून बसतात. किरीटापर्यंत पोचते ते अगदीच तुटपुंजे.

मग सारा भरवसा येऊन ठेपला चुंबकत्वावर. सूर्यातून चुंबकीय बलरेषा बाहेर पडलेल्या असतात; कोठे कमानीसारख्या वळून परत येणाऱ्या, कोठे सरळ आकाशात गेलेल्या. विद्युत्भारित वायू ह्या रेषांना बांधलेला असतो. १९४२ साली हानेस आल्फव्हेन ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने एका लहानशा टिपणात दाखवले, की ह्या रेषा सतारीच्या ताणलेल्या तारांसारख्या वागतात. पाया हलला, की त्यांवरून लाट धावत जाते. किरीटात हिचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरांच्या घरात असतो. ह्या लाटा किरीटभर चालल्या आहेत, हे २००७ साली प्रत्यक्ष दिसले. प्रथम त्यांची शक्ती अपुरी वाटली. २०११ मध्ये अधिक सूक्ष्म वेध घेतल्यावर, निदान शांत भागापुरती ती पुरेशी भरते असे आढळले.

तरी एक अडचण उरतेच, आणि ह्या साऱ्या गोष्टीतली ती मला सर्वांत बोलकी वाटते. लाट ऊर्जा वाहून नेते. पण नुसती जाणारी लाट कोणालाही तापवीत नाही. अरबी समुद्रात दूर कोठे वादळ होते, त्याचे हेलकावे शेकडो मैल चालत येतात. वाटेतल्या होडीला ते नुसते वरखाली करून पुढे निघून जातात. त्यांचा सारा जोर उतरतो तो कोकणच्या खडकावर आल्यावर, फुटल्यावर. सूर्यावरच्या चुंबकीय लाटांचेही तसेच आहे. त्यांतल्या पुष्कळशा त्या तापमानाच्या कड्यावर आपटून परत खाली येतात. ज्या वर जातात, त्यांतल्या काही शेजारच्या रेषांशी विसंवादी होतात, काही समोरून येणाऱ्या लाटांशी भिडतात. मोठ्या लाटेच्या लहान, लहानाच्या बारीक होत जातात, आणि त्या अगदी बारीक गुंत्यात त्यांची शेवटी उष्णता होते. युजीन पार्कर ह्यांचे म्हणणे थोडे वेगळे होते. पायाशी चाललेल्या चाळवाचाळवीने बलरेषांची जणू वेणी घातली जाते, पीळ वाढत जातो, आणि असह्य झाला की लहान लहान स्फोटांनी तो तुटतो. त्या असंख्य स्फोटांची ऊब म्हणजे किरीट. लाटांचा वाटा किती आणि पिळांचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने पाठवलेले आदित्य यान सूर्यावर नजर लावून आहे ते अशाच प्रश्नांसाठी. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’त सिद्ध झाली. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: वर जाते ती खालची ऊब नव्हे, खालची हालचाल, आणि ती ऊब होते ती अडल्यावर, मोडल्यावर.

इतर तारे ह्याला दुजोरा देतात. सूर्यासारख्या ताऱ्यांना असे किरीट सर्रास आढळतात. उलट दिवाळीच्या संध्याकाळी वायव्येला चमकणारा अभिजित पाहा. त्याचे पृष्ठ सूर्याहून कितीतरी तप्त, नऊ हजार अंशांच्या वर. पण सूर्यासारखा किरीट त्याच्यापाशी आढळलेला नाही. कारण त्याच्या बाह्य थरात ती खदखद नाही. ऊब पुष्कळ, पण चाळवाचाळव नाही. जो अधिक तापलेला, त्याचा परिसर अधिक तप्त, असे येथे ठरत नाही. जो घुसळला जातो, त्याचा परिसर तप्त होतो.

आपल्या दर्शनकारांत ह्यावर एक जुना वाद आहे. सांख्य म्हणतात, कार्य हे कारणात आधीपासून असतेच. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, कार्य ही नवी वस्तू आहे. सुताने अंग झाकत नाही, वस्त्राने झाकते. किरीटापुढे ह्या दोघांना उभे केले तर काय होईल? ऊर्जेच्या हिशेबात सांख्य जिंकतात. सूर्याने जे दिले त्याहून एक कणही अधिक किरीटात नाही, लोखंडसुद्धा जुनेच. पण तापमानाच्या हिशेबात नैयायिकांचे म्हणणे मोडता येत नाही. ते दहा लाख अंश त्या पृष्ठावर कोठेही, कोणत्याही कोपऱ्यात लपलेले नव्हते. ते वरच, वाटेत, नव्याने झाले. आपली म्हण पाण्याविषयी खरी आहे. धगीविषयी ती खरी नाही.

आणि माणसाने माणसाला द्यावयाच्या गोष्टी पाण्याच्या जातीच्या किती, आणि धगीच्या जातीच्या किती? पैसा, धान्य, घर ही पाण्याच्या जातीची. आडात नसतील तर पोहऱ्यात येत नाहीत. पण विद्या, धैर्य, न्यायबुद्धी? महाराष्ट्रात ह्याचे उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झालेले नव्हते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, शेवटी मंगळसूत्रदेखील मोडले. त्या मुलांतून जे पदवीधर, प्राध्यापक निघाले, त्यांची विद्या भाऊरावांच्या आडात नव्हती. भाऊरावांनी विद्या दिली नाही. त्यांनी हालचाल दिली. तिची विद्या झाली ती त्या मुलांच्या ठिकाणी, त्यांच्या दारिद्र्याच्या खडकावर आपटून.

दुसरे उदाहरण ह्याच विषयातले आहे. १९५८ साली पार्कर ह्यांनी, किरीट इतका तप्त आहे की त्यातून सौर वारा सतत बाहेर वाहत असला पाहिजे, असा निबंध लिहिला. दोघा परीक्षकांनी तो नाकारण्याजोगा ठरवला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटली नव्हती. पण गणितात चूक सापडेना; तेव्हा त्यांनी निबंध छापला. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या यानाला तो वारा प्रत्यक्ष लागला. चंद्रशेखरांच्या मनात त्या कल्पनेविषयी ऊब नव्हती. तरी त्यांच्या हातून ती पुढे गेली. कारण न्यायाची तार त्यांनी ताणलेली ठेवली होती. जे आपल्याला पटलेले नाही, तेसुद्धा प्रामाणिकपणे पुढे जाऊ देणे हे देण्याचे फार वरचे रूप आहे.

मात्र दृष्टान्ताला पुराव्याचा मान देऊ नये. सूर्य कोणाचे भले करावे म्हणून खदखदत नाही, आणि लाटेला फुटताना दुःख होत नाही. माणसाला होते. ‘आपटल्यावाचून ऊब नाही’ हे वाक्य सुखवस्तू माणसाने गरिबाला ऐकवावयाचे नव्हे. खडक होऊन बसलेल्यांनी स्वतःचे समर्थन म्हणून तर नव्हेच. शिवाय हे देणे फुकटही नसते. किरीटातून निघणारा वारा ताऱ्याचे फिरणे थोडे थोडे हिरावून नेतो. सूर्यासारखे तारे तरुणपणी वेगाने फिरतात, तेव्हा त्यांचे किरीट प्रखर असतात. वय वाढते तसे फिरणे मंदावते, चुंबकत्व ओसरते, किरीटही निवत जातो. देणाऱ्याची गती देण्यातच खर्ची पडते. कोणत्याही घरातल्या म्हाताऱ्या आईकडे पाहिले, म्हणजे हे समजावयाला दुर्बीण लागत नाही.

तेव्हा त्या म्हणीचे काय करावयाचे? ती टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. धान्याच्या कोठीपाशी ती ठेवावी. मुलांच्या बाबतीत मात्र ती दोन ठिकाणी वापरली जाते, आणि दोन्ही ठिकाणी ती अन्याय करते. शेजारी ती वापरतात पोराला मोडीत काढण्यासाठी, हे आपण पाहिलेच. पण तिचा दुसरा वापर घराच्या आत होतो, आणि तो अधिक घातक. ‘आम्हांलाच काही येत नाही, आम्ही पोरांना काय देणार?’ असे म्हणून कितीतरी आईबाप, कितीतरी खेड्यांतले शिक्षक आपले हात आवरते घेतात. त्यांना नम्रता वाटते ती खरे तर माघार असते. आपल्यापाशी ऊब किती आहे, हा प्रश्न त्यांना विचारलेलाच नाही. पहाटे उठून मुलाला शाळेच्या वाटेला लावणे, न समजणाऱ्या पुस्तकाशेजारी दिवा घेऊन बसणे, चुकीचा निवाडा होत असताना ‘थांबा’ म्हणणे, एवढी हालचाल साडेपाच हजार अंशांनाही जमते. त्यातले पुष्कळसे आपटून परत येईल. काही नुसतेच निघून जाईल. पण जे कोठेतरी अडेल आणि मोडेल, ते तेथे किती अंशांपर्यंत चढेल, हे सांगण्याचा अधिकार आडाकाठी बसून खोली मोजणाऱ्यांना नाही.